साडूभाऊंचे पट्टे

आमच्या साडूइतका बांधून घेतलेला माणूस अख्ख्या जबलपुरात दुसरा सापडायचा नाही. जबलपूर सोडून मी फारसा कुठं गेलो नाही, म्हणून बाहेरचं छातीठोक सांगत नाही. पण बाहेरही नसावा. लोक मोटारीत बसतात ते कुठंतरी जायचं म्हणून. आमचा साडू मोटारीत बसायचा तो पट्टा बांधायला, आणि बांधून झालाच आहे तर आता जरा जाऊन येऊ, अशा बेतानं निघायचा. त्याची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी, माझी मोठी, त्याची धाकटी. म्हणून हा माणूस माझ्या वाट्याला आला. मी काही त्याला निवडलेला नाही. माझी अधारतालला पिठाची चक्की. शाळा चौथीपर्यंत झाली आणि तेवढ्यात माझं भागलं. तो मॅट्रिक झालेला, सरकारी कारखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला, नाकावर चष्मा, खिशाला पेन. तरी पट्ट्याच्या बाबतीत मी त्याचं एक अक्षर ऐकून घेत नसे, कारण पट्टा ही वस्तू माझ्या पोटापाण्याची. चक्कीचा पट्टा सैल पडला की दगड रेंगाळतो, जास्त ताणला की बेअरिंग बोंबलतं. हे मला कोणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. तो शांतपणे ऐकायचा आणि म्हणायचा, "तुमचा पट्टा चालवतो, साडूभाऊ. माझा थांबवतो. दोघांचं काम वेगळं."

त्या काळात मोटारींना पट्टे नसतच. त्याच्या वडिलांनी एक काळी, गोल पाठीची मोटार मागं ठेवली होती; पुढं सोफ्यासारखी सलग सीट, आणि धरायला म्हणाल तर देवाचं नाव. हा तिच्यात पट्टे बसवायला लागला तेव्हा गल्लीतले लोक समजले, की हा गाडीत म्हैस नेणार आहे. कारण मला ठाऊक होतं. त्याचा थोरला भाऊ मंडल्याच्या रस्त्यावर एका वळणाला जीपमधून बाहेर फेकला गेला होता. जीप झाडाला टेकून उभी राहिली, काचेला तडासुद्धा नाही. भाऊ खाली नाल्यात. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, चक्कीवर गव्हाच्या पोत्यावर बसून. "गाडी राहिली, साडूभाऊ," तो म्हणाला, "माणूस सांडला." एवढं बोलून त्यानं अंगावरचं पीठ झटकलं आणि निघून गेला. मग थोड्याच दिवसांत त्यानं खाट विणायची नवार आणली, एका मोच्याकडून तिला घोड्याच्या जिनाचं बक्कल शिवून घेतलं, आणि स्वतःला स्टिअरिंगमागं आवळून गावभर फिरायला लागला. पहिल्याच दिवशी चौकात कोणीतरी ओरडलं, "क्यों भैया, खटिया समेत निकल पड़े क्या?" त्यानं मान वळवून पाहिलंही नाही. पट्ट्यामुळं त्याला वळताही येत नव्हतं.

नवारीपासून सुरुवात झाली आणि पुढं तो त्या विद्येत असा शिरला, की काही विचारू नका. कारखान्याचा भंगार नीलाम असो, फौजी सामानाचा नीलाम असो, जुन्या परदेशी गाडीचा सांगाडा असो, हा जाऊन त्यातून पट्टे उपटून आणणार. घरी त्याच्या खुंटीवर कपड्यांपेक्षा पट्टे जास्त. आणि प्रत्येक जातीला त्यानं नाव दिलं होतं. मेकॅनिक लोक सरसकट सगळ्यांना 'बेलट' म्हणायचे, त्याचा त्याला मनस्वी राग. म्हणायचा, "काका, मामा, आत्याचा नवरा, सगळ्यांना अंकल म्हणून टाकायचं, तशातला हा प्रकार आहे. नातं समजून घेतल्याशिवाय माणूस जवळ येतो काय?" नुसता कंबरेवरून जातो तो करदोडा. एका खांद्यावरून तिरपा छातीवरून उतरतो ते जानवं. दोन्ही खांद्यांवरून आणि कंबरेवरून येऊन पोटाशी एका बकलात भेटतो ते दप्तर, कारण शाळेतलं पोर पाठीला दप्तर अडकवतं तसंच ते दिसतं. यातला करदोडा तो फारसा मोजायचा नाही. "कंबर घरी येईल, डोकं समोरच्या काचेत राहील," असं त्याबद्दल त्याचं मत. पण मागच्या सीटला त्यानं करदोडेच लावले होते, कारण मागं बसणारे पाहुणे, आणि पाहुण्यांना फार जाच करू नये असं कुमुद म्हणायची. कुमुद म्हणजे त्याची बायको, माझी धाकटी साळी.

जानव्यावरून त्याच्या घरात जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. त्यानं मोठ्या हौसेनं पुढच्या सीटला, कुमुदच्या बाजूला, खांद्यावरचा तिरपा पट्टा लावला आणि आमच्या सासूबाईंच्या समोर तिला म्हणाला, "चल, जानवं घाल." सासूबाई ओट्यावरून उठल्या. "बाईमाणसाला जानवं? आमच्या घराण्यात असं कधी झालं नाही." तो समजावून सांगायला लागला, की हे जानवं म्हणजे जानवं नव्हे. त्या म्हणाल्या, "मग काहून म्हणता तसं?" नाव बदलणं त्याच्या रक्तात नव्हतं. कुमुद मधल्यामध्ये तोंडाला पदर लावून हसत उभी. मग त्यानं पुष्कळ दिवस खटपट करून कुठूनसा एक चौथ्या जातीचा पट्टा मिळवला, ज्यात एकच लांब पट्टी खांद्यावरून येते, कंबरेशी बकलात अडकते आणि तिथूनच वळून मांडीवरून पलीकडं जाते. एकाच पट्टीत वरचंही झाकलं, खालचंही. "ही नऊवारी," तो सासूबाईंना म्हणाला. सासूबाईंनी ती पट्टी हातात घेऊन पाहिली, तिचा पोत पाहिला, आणि म्हणाल्या, "हे घालेल ती." तेव्हापासून कुमुद पुढं बसायची आणि नऊवारीत बसायची.

दप्तराची गोष्ट याहून मोठी. भाच्याच्या लग्नात नवरदेव मांडवापर्यंत आपल्या गाडीतून जाईल असा साडूचा हट्ट, आणि नवरदेव म्हणजे मौल्यवान माल, म्हणून त्याला दप्तर. फौजी नीलामातलं बक्कल, ते ऐन मांडवाच्या दारात अडकलं. बँड वाजून राहिला, भटजी आतून हाका मारून राहिले, आणि नवरदेव सीटला जखडलेला. नवरदेवाचा काका कात्री घेऊन धावला. साडू आडवा झाला. "ओढू नका! ओढलं की तो आणखी धरतो, त्याचा धर्मच तो. आणि कापायचंच असेल तर शेरवानी कापा." शेवटी नवरदेव खालच्या बाजूनं निसटून बाहेर आला, शेरवानी आतच राहिली, खांदे ताठ, गुंड्या लावलेल्या, जणू दुसराच कोणी नवरदेव आत बसलाय. मुलीनं आपला होणारा नवरा पहिल्यांदा पाहिला तो बनियनवर. त्यांचा संसार अजून नीट चालू आहे, हे साडू पट्ट्याच्या बाजूनं पुरावा म्हणून सांगायचा.

प्रत्येक गोष्टीत त्याला पट्टाच दिसायचा. राज्यं वेगळी झाली, नागपूर तिकडं महाराष्ट्रात गेलं, आम्ही इकडं राहिलो, आमच्या घरात मराठी आणि दारात हिंदी असं होऊन बसलं, नागपूरच्या पाहुण्यांसमोर हा विषय निघाला की तो उसासा टाकून म्हणायचा, "नकाशाला करदोडासुद्धा नव्हता हो. मग सुटणार नाही तर काय होईल?" दसऱ्याला सगळे गाडीच्या बॉनेटला झेंडूची माळ घालतात, हा प्रत्येक बकलाला वेगळं फूल, वेगळं कुंकू लावणार. एका दसऱ्याला त्यानं बकलं गंजू नयेत म्हणून सगळ्यांना तिळाचं तेल चोपडलं. त्याच दिवशी त्याच्या गाडीतून सोनं वाटायला गेलेल्या सगळ्या बायकांच्या पैठण्यांना बरोबर बेंबीशी तेलाचा डाग. लोक अजून त्या साड्या दाखवतात. कुमुद मात्र नवऱ्याची बाजू घ्यायची. "डाग पडला, पण माणूस तर नाही पडला," म्हणायची. मग आत जाऊन आपल्या पैठणीवर टाल्कम पावडर घासत बसायची.

माझं आणि त्याचं वाजलं ते करदोड्यावरून. मटारचे दिवस होते, शेजारच्या पनागर गावात माल स्वस्त असतो म्हणून आम्ही तिघं गाडीनं गेलो होतो. ती दोघं पुढं, मी मागं. परतताना मटारची पोती माझ्या बाजूला रचली आणि हा म्हणतो, "बांधा."

"नाही बांधत. येताना बांधलं, पोटाला वळ उठला. मी काय म्हैस आहे?"

"म्हशीला गळ्यात बांधतात. हे कंबरेला आहे."

"मी उतरतो."

"उतरा."

मी उतरलो. आणि एकदा उतरलो म्हणजे उतरलो. पनागरपासून अधारतालपर्यंत मी चालत आलो. आणि हा पठ्ठ्या पूर्ण वाटभर माझ्या शेजारून, माझ्या पावलांच्या गतीनं गाडी चालवत आला. मागून ट्रकवाले हॉर्न मारून मारून थकले. कुमुद खिडकीतून शेंगा सोलून माझ्या हातावर दाणे ठेवायची. "खा भाऊजी, चालून भूक लागली असेल."

"तुझ्या नवऱ्याला सांग, गाडी पुढं घे म्हणावं."

"ते म्हणून राहिले, तुम्ही बसल्याशिवाय नाही."

"मग बसून राहा म्हणावं तसाच."

"तेच करून राहिले ना ते!" आणि पुन्हा मूठभर दाणे.

एका ढाब्यावरच्या माणसानं विचारलं, "भैया, बारात जा रही है क्या?" आतून साडू गंभीर आवाजात म्हणाला, "नहीं जी, साढ़ू रूठे हैं." मी घरापर्यंत बांधून घेतलं नाही आणि त्यानं मला सोडून गाडी नेली नाही. दोघंही ताठ मानेनं आपापल्या घरात गेलो. फक्त माझे पाय सुजले आणि त्याचं इंजिन तापलं. बाकी त्या वाटेवर जे खाल्ले त्यांच्यापेक्षा गोड मटार मी आजवर खाल्ले नाहीत.

पुढं बाजारात नव्या गाड्या आल्या आणि त्यांच्यात पट्ट्याची नवी जात आली. आत कुठंतरी चक्रीवर गुंडाळलेला असतो. ओढला की सुळ्ळकन येतो, सोडला की मान आत घेतो. साडूनं त्याचं नाव ठेवलं कासव. मला वाटलं आता हा खूष होईल, कारण कासव कोणालाही बसतं, जाड्याला, बारक्याला, पोराला, म्हाताऱ्याला. पण तो खूष नव्हता. त्याच्या जुन्या नऊवारीला असं आपोआप काही येत नसे. तिच्या पट्टीवर एक लोखंडी सरक होता. त्यातून पट्टीचं मोकळं टोक ओढून आपलं माप एकदा बसवायचं, मग बक्कल कितीही वेळा उघडा, लावा, माप हलत नाही. "कासवाला माणूस लक्षात राहत नाही," तो म्हणाला. "उतरला की विसरलं." मी म्हटलं, "पट्ट्यानं काहून लक्षात ठेवायचं?" तो चष्मा पुसत बसला. तेव्हा तसं बोलण्यासारखं काही झालंही नव्हतं.

मग कुमुदच्या पोटात गाठ निघाली.

त्या वर्षी ती काळी गाडी दवाखाना आणि घर, घर आणि दवाखाना याशिवाय कुठं गेली नाही. कधी मी मागं असायचो, डबा मांडीवर घेऊन. प्रत्येक खेपेला नऊवारी तिच्या अंगावर थोडी ढिली झालेली असायची. तो हात पुढं करायचा तर ती म्हणायची, "थांबा, मी ओढते. तुमच्या हातानं फासच बसतो." आणि आपण टोक ओढून घ्यायची. शेवटच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. घरी न्या याचा अर्थ आम्हा सगळ्यांना समजला, तिलाही समजला. ती गाडीत बसली, बक्कल लावलं, पट्टी छातीवरून मांडीत लोंबत होती. तिनं दोन्ही हातांनी टोक धरून ओढलं, मध्ये थांबून दम घेतला, पुन्हा ओढलं. अंगाला पट्टी लागली तशी त्याच्याकडं पाहून म्हणाली, "बघा, तुमची नऊवारी होती, पाचवारी झाली." तो हसला. मी मागून आरशात त्याचा चेहरा पाहत होतो. असं हसू कोणाच्या तोंडावर पुन्हा दिसू नये.

ती गेली ती आपल्या घरात, पलंगावर, भरदुपारी, खिडकीतून ऊन येत असताना. ना वळण, ना नाला. तो पलंगाच्या कडेला बसून होता. मी आत गेलो तर माझ्याकडं पाहून म्हणाला, "इथं कुठं बांधायचं, साडूभाऊ?" मी त्याच्याजवळ बसलो. आम्ही तिला नर्मदेवर ग्वारीघाटला नेलं.

त्यानंतर त्यानं पुढची सीट कोणाला दिली नाही. गाडी काढताना तो आपला पट्टा लावायचा, मग वाकून रिकाम्या सीटवरची नऊवारी बकलात अडकवायचा, आणि मग किल्ली फिरवायचा. तिनं ओढून ठेवलेलं माप तसंच. आत माणूस नाही आणि पट्टी मात्र कोणाला तरी सांभाळून धरल्यासारखी ताणलेली. लोकांनी त्याला बरंच काही म्हटलं. मी कधी म्हटलं नाही. आम्ही पनागरला जायचो तेव्हा मी मागं बसायचो, तो एकटा पुढं. बाजारातले लोक समजायचे की हा माझा ड्रायव्हर आहे, आणि मला शेठजी म्हणायचे. मी त्यांची समजूत दुरुस्त केली नाही, त्यानंही नाही. मागं बसलो की मी आता करदोडा लावून बकलाचा खटका वाजवायचो. हे काही त्याच्यासाठी नव्हतं. एका माणसाशी जन्मभर किती भांडायचं म्हणून.

असं चाललं होतं, आणि माझ्या बायकोच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. ते नीट झालं. घरी सोडताना डॉक्टरनं बजावलं, झटका लागू द्यायचा नाही, वाकायचं नाही, आडवं करून न्यायचं नाही, आणि उलटी तर अजिबात होता कामा नये. आता माझ्या बायकोला मोटार लागते. मागं बसली की गल्लीच्या कोपऱ्यावर पिशवी हवी; म्हणून तर ती आजवर साडूच्या गाडीत सहसा बसली नाही. पुढं बसलं, समोर पाहिलं, तर निभतं. रिक्षाचे हिसके चालणार नव्हते. साडू गाडी घेऊन आलाच होता, घासून पुसून. मी तिचा हात धरून तिला पायऱ्या उतरवल्या, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, आणि पुढच्या दाराशी उभी केली.

तो दार उघडायला आला आणि थांबला. मग काय व्हायचं ते त्याला एकदम समजलं, आणि मलाही. त्यानं बक्कल उघडलं. तिला बसवलं. पट्टी तिच्या अंगावरून घेतली. ती बकलापर्यंत पोचेना, वीतभर कमी. कुमुद शेवटी काडी झाली होती, आणि माझी बायको घरच्या चक्कीच्या पिठावर वाढलेली. त्यानं पुन्हा घेतली, पुन्हा पोचेना. पट्टी हातात धरून तो तसाच वाकून उभा राहिला. माणसाला न बांधता गाडी हलवायची नाही, हा त्याचा जन्माचा नेम. आणि बांधायचं तर सरक हलवायला पाहिजे.

मी म्हटलं, "राहू द्या, बापा. अधारतालपर्यंत तर जायचं. हळू चला."

"नाही."

"मग जिथं सरक आहे तिथं खडूनं खूण करा. घरी गेलो की परत तिथंच आणा."

तो माझ्याकडं न पाहता म्हणाला, "खुणेवर आणीन मी. पण ते माझं ओढलेलं होईल. हे तिनं ओढलेलं आहे."

खडूचा सल्ला मी मागं घेतला. माझ्या आयुष्यात असे प्रसंग थोडे आहेत.

मागं एक गाडी येऊन उभी राहिली. दवाखान्याचा चौकीदार काठी आपटत आला, "अरे दादा, गाड़ी हटाओ, पीछे मरीज है!" साडूला ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. आतून माझी बायको म्हणाली, "काहून उभे राहिलेत दोघं? मला एका डोळ्यानं दिसत नाही, दोन्ही कानांनी ऐकू येतं." मग मान न हलवता, सरळ समोर काचेकडं पाहत, ती त्याला म्हणाली, "भाऊ, इकडं या. कुमुद चालायला लागेपर्यंत माझ्या पाठीवर होती. आई कामाला गेली की तिच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन मी तिला पाठीशी बांधायची आणि गावभर फिरायची. तुमच्या आधी मी बांधली तिला. तिचं माप माझ्या पाठीला माहीत आहे, ते कुठं जात नाही. ती असती तर माझ्यासाठी तिनं हा पट्टा केव्हाच सैल केला असता, तुम्हाला विचारलंही नसतं."

"होय," तो म्हणाला. "विचारलं नसतं."

"मग बांधा. मला उन्हानं घेरी येऊन राहिली."

त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला आणि अंगठ्यानं सरक दाबला. धुळीनं तो पक्का बसला होता, हलेना. त्यानं दातांवर दात ठेवून जोर केला आणि तो एकदम सुटला, पट्टी सर्रकन लांबली. मी शेजारी उभा होतो म्हणून मला दिसलं: सगळी पट्टी उन्हानं विटून राखाडी झालेली, आणि सरक इतके दिवस जिथं बसून होता तेवढीच बोटभर जागा अजून नवीकोरी काळी. त्यालाही दिसलं. त्यानं त्या जागेवरून अंगठा एकदा फिरवला. मग माझ्या बायकोच्या खांद्यावरून, पोटावरून पट्टी नीट घेतली, मोकळं टोक हळूहळू ओढत बेतानं बसवलं आणि विचारलं, "ताई, फास तर नाही ना बसला?"

"नाही. चांगला बसला."

तो गाडीला वळसा घालून आपल्या जागी आला. अधारतालपर्यंत आम्ही अशा चालीनं आलो की सायकलवाले पुढं जात होते. माझ्या बायकोनं वाटभर छातीवरच्या पट्टीवर तळहात ठेवला होता, तो खाली घेतला नाही. तिला उलटी झाली नाही. घरी उतरवल्यावर तो आत आला नाही. चहा नको म्हणाला, आणि गाडीत जाऊन पुष्कळ वेळ बसून राहिला. मी चक्कीच्या दारातून पाहत होतो. मग कधी तरी गाडी गेली.

नंतर सरकारनं पट्ट्याची सक्ती केली, चौकाचौकात पोलीस उभे राहिले, ज्यांनी त्याला खटिया म्हणून चिडवलं होतं ते चालान चुकवायला गल्लीबोळातून पळायला लागले. लोक येऊन त्याला म्हणायचे, काका, तुम्हीच खरे निघालात. तो नुसती मान हलवायचा. करदोडा, जानवं, दप्तर ही नावं त्याच्या तोंडून पुन्हा फारशी निघाली नाहीत. तोही आता सगळ्यांसारखा 'बेलट' म्हणतो. ते ऐकलं की मला कसंसंच होतं, पण मी काय करू? नावं त्याची होती.

अजूनही आम्ही दोघं त्या काळ्या गाडीनं कधी पनागरला जातो, कधी ग्वारीघाटला जाऊन पायऱ्यांवर बसून येतो. तो मला म्हणतो, "साडूभाऊ, पुढं या ना." मी म्हणतो, "माझे गुडघे पुढं मावत नाहीत." गुडघे मावतात, पण त्यानंही तो मुद्दा कधी ताणलेला नाही. रिकाम्या सीटवर तो आता बक्कल लावत नाही. पट्टी मधल्या खांबाला मोकळी लोंबत असते, आणि गाडी वळणावर झुकली की तिच्या टोकाची लोखंडी जीभ दारावर हलकेच टक् करते. तेवढ्या आवाजावर आमचा साडू पाय उचलतो, आणि गाडी आहे त्यापेक्षा आणखी हळू होते.